खालची डावी दाढ

माझ्या नवऱ्याचा जबडा मोडला तेव्हा तो केळं खात होता. लोकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, टीचर चेष्टा करतायत. चेष्टा कसली डोंबलाची! केळं आमच्याच वाडीतलं, सालीवर काळे ठिपके येईपर्यंत पिकवलेलं, वाटीत कुस्करून दिलेलं. मी गॅसपाशी होते. कट् असा आवाज आला आणि मला वाटलं, बशी तडकली. बाहेर येऊन पाहिलं तर तो वाटी हातात धरून तसाच बसलेला. ओरडला नाही, कण्हला नाही. हनुवटीला आणि खालच्या ओठाला डाव्या बाजूने काही कळायचं बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं. काहीतरी सरकलं, एवढंच म्हणाला.

ते का सरकलं हे मला माहीत होतं. माझ्यामुळे. सरळच सांगते, कारण तीस वर्षं शाळेत मुलांना हेच शिकवलं, की चूक केली असेल तर आधी हात वर करा. माझी पाळी आली तेव्हा माझा हात वर जायला दोन वर्षं लागली.

आम्ही विरारजवळच्या नंदाखाल गावचे. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण इथे शाळेतल्या मराठीत लिहिते, नाहीतर निम्म्या वाचणाऱ्यांना कळायचं नाही. नवऱ्याची नारळ-केळीची वाडी, माझी प्राथमिक शाळेतली नोकरी, एकुलती एक मुलगी. सहा वर्षांपूर्वी त्याच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. कॅन्सर. मुंबईला नेऊन शेक दिले. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात, कंबर दुखली म्हणून गरम पाण्याची पिशवी लावावी तसं. आठवड्याचे पाच दिवस, दीड महिन्याच्या वर. तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून डोकं टेबलाला जखडून ठेवायचे. गाठ गेली, देवाची कृपा. पण तोंडातली लाळही गेली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला कम्युनियन घेतलं की ती प्रसादाची पातळ चकती टाळूला चिकटून बसायची, म्हणून त्याच्या खिशात कायम पाण्याची छोटी बाटली. मानेची डावी बाजू काळवंडली आणि तिथे दाढी उगवेना. अर्ध्याच गालाची दाढी, ब्लेड दुप्पट दिवस पुरतं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

उपचार संपले त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. शेक लागलेल्या जबड्याच्या हाडाला रक्त नीट पोचत नाही, म्हणाले. दात दुखला तर परस्पर कुठे काढायचा नाही, आधी इथे यायचं. काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि मग ते कुजत जातं. पाच वर्षांनी काढला तरी तेच, दहा वर्षांनी काढला तरी तेच. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. टीचर ना.

मग मुलीच्या लग्नाचं निघालं. पहिलं स्थळ चांगलं होतं, मुलगा बँकेत. वडिलांना कॅन्सर होऊन गेला हे आम्हीच सांगितलं आणि त्यांनी फोन उचलायचे बंद केले. कारण कोणी दिलं नाही, पण न कळायला मी काही शेंबडं पोर नाही. माझी मोठी बहीण म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, पुढच्या वेळी तोंड बंद ठेव. दुसरं स्थळ राजोडीहून आलं तेव्हा आम्ही एवढंच सांगितलं, की घशाला सूज होती, औषधाने गेली. आम्ही म्हणजे मी. मुलगी म्हणत होती, मम्मी, सांगून टाकूया. तिला मी गप्प केलं. होणाऱ्या नवऱ्यालाही नाही सांगायचं, त्याला सांगितलंस की त्याच्या आईला कळलंच. गावाला सगळं ठाऊक होतं, पण गाव अशा वेळी गप्प बसतं. लग्न लागल्यावर बोलतं.

नवरदेवाची आत्या दातांची डॉक्टर. विरारला फुलपाड्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर तिचा दवाखाना. लग्न केलेलं नाही, भाच्यावर जीव. साखरपुड्यालाच माझा हात धरून म्हणाली होती, टीचर, दातांचं काहीही असो, आता दुसरीकडे गेलात तर मला वाईट वाटेल. आमच्यात सोयरे असं बोलतात तेव्हा ते नुसतं बोलणं नसतं. तो मान असतो आणि तो ठेवावा लागतो.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात; ती पहिल्या रविवारी वाचली गेली आणि त्याच आठवड्यात नवऱ्याची खालची डावी दाढ ठणकायला लागली. गाल टम्म सुजला. लग्नाला अठरा दिवस. मला वही आठवत नव्हती असं नाही. चांगली आठवत होती, रेघांसकट. पण मुंबईला जायचं म्हणजे चार फेऱ्या, तपासण्या, आणि विहीणबाईंचा रोज फोन: कुठे गेला होतात, कशाला गेला होतात? त्यात गालाचं त्यांनाच कळलं. त्यांनी नणंदेला सांगितलं आणि डॉक्टरबाईंचा फोन आला, उद्या सकाळी या, मी वेळ ठेवलीय. आता दुसरीकडे गेलो तर त्यांचा अपमान, कुठेच गेलो नाही तर संशय. गाठ जाऊन चार वर्षं झालीत, एका दाढेने काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फार पटकन समजावू शकतो.

स्कूटरवरून गेलो. स्कूटर लावायला जागा मिळेना, म्हणून बाईंना तेवढं शेकाचं सांगून ठेव म्हणत तो पुढे गेला आणि मी आत शिरले. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. नाव, वय, साखर, रक्तदाब, आणि खाली एक ओळ: पूर्वी कॅन्सरचा उपचार किंवा रेडिएशन झालं आहे का? मी लिहिलं, नाही. माझं अक्षर चांगलं आहे. तो घाम पुसत आत आला तोवर फॉर्म डॉक्टरबाईंच्या टेबलावर गेला होता.

तो खुर्चीत बसला, आ केला. तेव्हाही त्याचं तोंड दोनच बोटं उघडायचं. बाईंनी दिवा लावून पाहिलं. तोंड कोरडं आहे, पाणी कमी पितात का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दिवसभर उन्हात वाडीत असतो, ऐकतो कुठे. मग त्यांनी इंजेक्शन दिलं आणि दाढ काढली. हात हलका आहे त्यांचा. येताना नवरा स्कूटरवर मान मागे वळवून म्हणाला, बाई हुशार आहेत. त्याला वाटत होतं, मी आत त्यांना सगळं सांगितलंय आणि त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांना विचारूनच हात घातलाय. त्याला असं वाटतंय हे मला कळत होतं. मी त्याला पुढे बघून चालव म्हटलं.

लग्न छान झालं. वेदीपर्यंत मुलीचा हात धरून तोच चालला. मांडवात लोक मांसाचं झणझणीत इंद्याल आणि वडे हाणत होते आणि मुलीचा बाप पेज पीत होता. फोटोवाल्याने नंतर विचारलं, अंकलचा गाल कॉम्प्युटरवर सरळ करू का? मी म्हटलं, कर. अल्बममध्ये माझ्या नवऱ्याचे दोन्ही गाल सारखे आहेत.

दाढेची जखम भरली नाही. रोज टॉर्च लावून मी बघायची. दीड-दोन महिन्यांनी खड्ड्यात पिवळट पांढरं काहीतरी दिसलं. भाताचं शीत अडकलंय म्हणून मी कापसाने काढायला गेले, तर ते हलेना. पुन्हा ओढलं. मग बोट लावून पाहिलं आणि कळलं की ते हाड आहे. नवरा विचारत होता, निघालं का? मी म्हटलं, निघालं.

मग वास यायला लागला. तो उशी घेऊन पलीकडच्या खोलीत झोपायला गेला, कारण विचारलं तर म्हणाला, तिथे पंखा चांगला आहे. हनुवटीखाली फोड आला, फुटला आणि तिथून पू गळत राहिला. डॉक्टरबाईंनी तीन वेळा धुऊन दिलं आणि मग स्वतःच चिठ्ठी लिहिली, हे माझ्या आवाक्याबाहेर आहे, मोठ्या हॉस्पिटलला दाखवा. आम्ही त्याच मुंबईच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसलो. त्यांनी जबड्याचा एक्स-रे बघितला आणि विचारलं, दाढ काढली त्यांना रेडिएशनचं सांगितलं नव्हतंत?

नवरा म्हणाला, "सांगितलं होतं ना हिने."

मी भिंतीवरचं चित्र बघत राहिले. जबड्याचंच होतं. येताना भाड्याच्या गाडीत, घोडबंदरच्या अलीकडे, त्याने विचारलं, नाही सांगितलंस? मी म्हटलं, नाही. तो खिडकीबाहेर बघायला लागला. सकाळी उठून चहा मागितला. चार शिव्या घातल्या असत्या तर मी उलट बोलले असते, भांडलो असतो, काहीतरी झालं असतं. त्याने चहा मागितला आणि मी दिला.

पुढचं दीड वर्ष असंच. गोळ्या, गुळण्या, महिन्याला मुंबई. तोंड मिटत चाललेलं, ते उघडं राहावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांमध्ये सरकवून धरायची. पंधरा काड्यांवरून नऊवर आलो. ओठ बधिर झाला तेव्हापासून चहा हनुवटीवरून ओघळायचा आणि त्याला पत्ता नसायचा, मी पुसायची. मला रडू येत नव्हतं. चर्चच्या बायका म्हणायच्या, टीचर खंबीर आहेत. खंबीर कसली, त्याच्या ओठासारखीच झाले होते मी. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, स्वतःची लाज वाटायला हवी होती. मी काड्या मोजत होते.

आणि लोक बोलायला लागले. गाव म्हणालं, आत्याबाईंनी भलतीच दाढ काढली, चांगल्या माणसाचा जबडा सडवला. राजोडीत त्यांच्या सख्ख्या वहिनीनेही तेच धरलं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी. बाजारात एक बाई मला म्हणाली, जाऊ दे टीचर, आपलेच दात आपलेच ओठ, बोलणार कोणाला. मी भाजी घेऊन निघाले. आमच्या बाजूचे लोक फुलपाड्याला जायचे बंद झाले. बाईंनी दात काढणंच सोडलं, तेवढ्यासाठी पेशंटला दुसरीकडे पाठवतात असं कळलं. कोणाशी वाद घातला नाही, टीचरनी फॉर्मवर नाही लिहून दिलं होतं असंही कुठे बोलल्या नाहीत. मला वाटलं, फॉर्म हरवला असेल. मला बरं वाटलं. हेही लिहायलाच हवं, की मला बरं वाटलं.

मुलगी फोनवर आवाज खाली करून म्हणाली, मम्मी, आत्या आता आमच्याकडे जेवायलाही येत नाहीत. तू सांगतेस का मी सांगू? मी तिला म्हटलं, तुला त्या घरात राहायचंय. खोटं बोलून पोरगी दिली असं झालं तर उद्या तुलाच ऐकवतील. एका बाजूला त्या बाईचं नाव, दुसऱ्या बाजूला माझ्या मुलीचं घर. मी रोज मुलीच्या घराकडे वजन टाकत होते आणि झोपत होते. झोप लागायची, त्याचंच मला नवल वाटायचं.

मग ते केळं. जबडा मोडल्यावर डॉक्टर म्हणाले, आता डावी बाजू कापून काढायची आणि पायाचं हाड घेऊन तिथे बसवायचं. अॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नवरा ओटीवर बसला होता. हाताने गाल धरून बोलायचा तेव्हा. म्हणाला, "नंतर माझं बोलणं कोणाला कळेल न कळेल. डॉक्टरबाईंना तू सांगतेस का मी आत्ता फोन लावू?"

मी म्हटलं, मी सांगते, तू आधी बरा हो. बरं, म्हणाला. दुसऱ्यांदा त्याने माझ्यावर सोपवलं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचल्या. एका पाटीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या. तीन आठवड्यांनी घरी आलो. पाय लंगडा, गळ्यापर्यंत टाक्यांची रेघ, आणि बोलणं असं, की तोंडात गरम बटाटा धरून कोणी बोलतंय. मुलीलाही निम्मं कळायचं नाही. मला सगळं कळतं. तीस वर्षं पुढचे दात पडलेल्या पोरांकडून कविता म्हणून घेतल्यात, माझा कान तयार आहे. कोणी आलं की तो बोलतो आणि माणसं माझ्याकडे बघतात. हॉस्पिटलने लिहायला एक पांढरी पाटी आणि पेन दिलंय, ते त्याच्या उशाशी असतं.

तीन महिन्यांनी एका रविवारी, मिस्सानंतर, डॉक्टरबाई आल्या. लग्नानंतर आमच्या घरात पहिल्यांदाच. नाचणीची खीर गाळून आणली होती, त्याला गिळता येईल अशी. बाई वाळल्या होत्या. कॉटजवळच्या खुर्चीवर अगदी कडेला बसल्या, मास्तरांनी बोलावून घेतलेलं पोर बसतं तशा. तब्येत विचारली, टाक्यांचे व्रण पाहिले, हात लावला नाही.

नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, सांग तिला.

बाईंना कळलं नाही. काय म्हणाले भाऊ, असं त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "चहा घ्या म्हणतोय."

पाटी त्याच्या हाताशीच होती. त्याने उचलली नाही. डोळे मिटून घेतले.

मी आत गेले, आधण ठेवलं. पाणी उकळलं, पावडर टाकायची राहिली आणि पाणी आटत गेलं. किती वेळ उभी होते कोण जाणे. कोणीही मला हाक मारली नाही. शेवटी गॅस बंद केला, बाहेर आले आणि हजेरी घेतात त्या आवाजात सांगून टाकलं. सूज नव्हती, कॅन्सर होता. शेक घेतले होते. दाढ काढायची नाही हे आम्हाला सांगितलेलं होतं. फॉर्मवर नाही असं मी लिहिलं. त्याला माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. दोष तुमचा नाही, मी सगळ्यांसमोर सांगेन, राजोडीत येऊन सांगेन.

बाई खीर आणलेल्या डब्याचं झाकण लावत बसल्या. एकदा लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"टीचर," त्या म्हणाल्या, "मला दिसलं होतं."

मग खाली बघून बोलत गेल्या. लाळेचा थेंब नाही, मान काळी, अर्ध्या गालावर दाढी नाही. वीस वर्षं लोकांची तोंडं बघतात त्या, शेक घेतलेलं तोंड त्यांना ओळखता येणार नाही? फॉर्म वाचला आणि त्यांना कळलं, की आम्ही लपवतोय. पाण्याचं विचारून पाहिलं, मी उन्हाचं सांगितलं. आणखी विचारलं असतं तर भावी विहिणीला खोटं पाडल्यासारखं झालं असतं. पुढे चौकशी, मग दादा-वहिनींच्या कानावर, आणि भाच्याचं लग्न अठरा दिवसांवर. बऱ्याचदा भरते जखम, ह्यांचीही भरेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. म्हणून लोक बोलले तेव्हा त्या गप्प राहिल्या. फॉर्म अजून त्यांच्या कपाटात आहे. तो दाखवायचा म्हणजे मग हेही सांगावं लागलं असतं.

मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं, नाहीतर त्यांच्या गळ्यात पडायला हवं होतं. दोन्हीपैकी काहीच आतून आलं नाही. दोन वर्षं मी ज्या ओझ्याला माझं एकटीचं म्हणत होते त्याचा अर्धा भाग ही बाई फुलपाड्यात घेऊन बसली होती, आणि तरी माझं काही हलकं झालं नाही. आम्ही दोघी चांगल्या घरच्या, वळण असलेल्या बायका. एकीने दुसरीचा मान राखला, दुसरीने पहिलीचा.

तेवढ्यात नवऱ्याने डोळे उघडले आणि तो बोलला. ऑपरेशननंतरचं त्याचं सगळ्यात लांब वाक्य होतं ते, मध्ये दोनदा थांबून, रुमालाने तोंड पुसून पुरं केलेलं. बाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या जागी काहीही सांगू शकले असते.

मी जसंच्या तसं सांगितलं. "तो म्हणतोय, खुर्चीत मी बसलो होतो. तुम्हा दोघींपैकी एकीने तरी मला विचारायचं होतं."